दोरीवरचा घाम

८ एप्रिल २०१६, शुक्रवार. गुढीपाडवा. सकाळी ६.१०

संकल्प लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरायला जागा नको. उद्यापासून ऑफिसला सायकलवर. गेवराई ते रुईदरा साडेचौदा किलोमीटर, जाऊन-येऊन एकोणतीस. वय सेहेचाळीस. हुद्दा केंद्रप्रमुख, दूध शीतकरण केंद्र. हुद्दा आहे, पण तालुक्यात नाव नाही. दुष्काळानं चार हजार लिटरचं दूध तीनशेवर आणलं, निम्मी जनावरं छावणीत गेली, त्यामुळे नऊ वाजल्यानंतर ऑफिसात काम असं नसतं. अशा काळात माणसानं स्वतःला घडवायचं असतं.

सायकल पुण्याच्या मेव्हण्याची. एकवीस गिअर. त्यानं ती सोडली, कारण त्याच्यात चिकाटी नाही. सोबत ड्रेसही दिला. अंगाला घट्ट बसणारी पिवळी जर्सी आणि बुडाखाली गादी शिवलेली काळी चड्डी. सौ.नं चड्डी दोन बोटांत उचलून बघितली आणि विचारलं, हे घालून चारचौघांत जाणार का. म्हणालो, चारचौघांसाठीच आहे.

९ एप्रिल, शनिवार. सकाळी १०

गेलो. पोचलो. वेळ एक तास बावन्न मिनिटं, त्यात सतरा मिनिटं बाभळीखाली निरीक्षण.

दूध घालायला आलेली माणसं मला बघून बोलायची थांबली. आदर असा न बोलताच कळतो. मशीन सांभाळणारा सटवा तोंड फिरवून खोकत होता. त्याला धुळीचा त्रास आहे.

एक गोष्ट मेव्हण्यानं सांगितली नव्हती. अंगावर एक धागा कोरडा राहत नाही. जर्सी पिळली तर धार लागते आणि गादी सगळा घाम पिऊन बसते. रेकॉर्ड रूममध्ये ऑफिसचे कपडे चढवले आणि ओले कपडे रजिस्टरच्या कपाटाच्या दारावर टाकले. संध्याकाळी तेच घालून परत जायचं, म्हणजे वाळायला हवेत. व्यवस्था लावू. मोठ्या कामात छोट्या अडचणी असायच्याच.

रात्री ८

परतीला दुधाचा टेम्पो रिकामाच होता, म्हणून सायकल त्यात टाकली. परतीचा प्रवास संकल्पात धरलेला नाही. वर एकोणतीस लिहिलंय, ते साडेचौदा असं वाचावं.

१० एप्रिल, रविवार

विश्रांती. ही शास्त्रीय आहे. सौ.कडून मांड्यांना तेल लावून घेतलं. तिनं जरा जोरातच चोळलं.

११ एप्रिल, सोमवार. दुपारी १

कपाट चालणार नाही. २०१४ च्या फॅट रजिस्टरची शाई फुटली. जुनं आहे, कोण बघतंय.

खरी गडबड वेगळी. आमच्याकडे दूध यंत्रावर जायच्या आधी सटवाच्या नाकाखालून जातं. झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा, शंका आली तर थेंबभर जिभेवर. त्याच्या नाकावर दूध संघाचा यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. रेकॉर्ड रूमचं दार त्याच्या मागेच. आज त्यानं तीन जणांचं चांगलं दूध नासकं म्हणून परत केलं. चौथ्याचं करायला लागला तेव्हा तो माणूस म्हणाला की आत्ताच म्हैस पिळून आलोय. मग सटवानं हवेत वास घेतला आणि वास घेत घेत माझ्या चड्डीपाशी येऊन थांबला.

नाक बिघडलंय, असं त्याला सांगितलं. तरी जागा बदलावी हे बरं.

१३ एप्रिल, बुधवार. दुपारी ३.३०

डोकं चालवलं. दूध थंड करणाऱ्या मशीनच्या पाठीमागे मोठा पंखा आहे, तिथं गरम वारं. फुकट वाया जाणारी ऊर्जा. जर्सी त्याच्या जाळीवर अंथरली.

वारं दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. मी अंथरली ती हवा आत ओढायची बाजू निघाली. जर्सी जाळीला घट्ट चिकटली आणि मशीन गुदमरून बंद पडलं. मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होतो, वाचन हाही कामाचाच भाग आहे. दोन तासांनी सटवानं सांगितलं. दोनशे ऐंशी लिटर दूध गेलं.

संघाला रिपोर्ट: व्होल्टेज कमी-जास्त होत असल्याने. हे खोटं नाही, व्होल्टेज असतंच कमी-जास्त.

१५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११

उपाय सापडला, आणि किती साधा. अंगणात लिंबापासून जुन्या बोअरच्या पाइपापर्यंत दोरी बांधली. बोअर तीन वर्षांपासून कोरडा, वर लोखंडी झाकण, पाइप तेवढा उभा. ऊन बेचाळीस. जर्सी अकरा मिनिटांत वाळली, गादी चोवीस. पुण्यात मेव्हण्याला दोन दिवस लागायचे. दुष्काळाचा हाही एक फायदा आहे, कुणी लिहीत नाही.

मी कपडे दोरीवर टाकत होतो, नेमके तेव्हाच चेअरमन सुंदरराव आले होते. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, पांढरी टोपी कधी डोक्यावर तर कधी गुडघ्यावर. ओली जर्सी बघून थबकले. हा सगळा घाम एका माणसाचा का, असं विचारलं. मी नम्रपणे हो म्हणालो.

त्यांनी तिथंच ठरवलं. एक मेला झेंडावंदन, ग्रामसभा, आणि टँकरच्या दुसऱ्या खेपेच्या पाहणीला नायब तहसीलदार येणार आहेत. सध्या अख्ख्या गावाला दिवसातून एकच खेप, घरटी दोन घागरी. त्याच कार्यक्रमात साहेबांच्या हस्ते माझा सत्कार. पेपरात फोटो. म्हणाले, "दुष्काळात लोक रडायलेत, अन् आमचा मॅनेजर घाम गाळायलाय. असं माणूस दाखवलं पायजे."

घरी फोन करून सांगितलं. सौ.नं विचारलं, शाल सुती का लोकरी.

१८ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.४०

समोरून वारं. सहाव्या किलोमीटरला मागून टेम्पो आला. चालवणारा शहादेव म्हणाला, बसा. बसलो नसतो, पण माणसानं प्रेमानं म्हटलं तर मोडवत नाही. पोचलो तेव्हा जर्सी फक्त काखेत ओली.

दहा वाजता सुंदरराव आले. आता ते रोजच येतात, सोबत कुणाला तरी दाखवायला आणतात. दोरी रिकामी. आज दांडी का, असं विचारलं. वाळले म्हणालो. त्यांनी घड्याळात बघितलं.

वाईट वाटलं. कष्ट केलेले असून पुरावा नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

सुधारित योजना. गावाच्या अलीकडे एक किलोमीटरवर बाभळीचं वळण आहे, तिथं टेम्पोतून उतरायचं आणि पुढे पूर्ण ताकदीनं. अंतर महत्त्वाचं नाही, सातत्य महत्त्वाचं. शहादेवला सांगितलं की हा ट्रेनिंगचा प्रकार आहे. त्यानं मान हलवली. समजूतदार आहे.

एका किलोमीटरला मात्र पुरेसा घाम येत नाही. शरीर तयार झाल्याचं ते लक्षण. पण गावाला शरीरशास्त्र कुठं कळतंय? माठातलं एक तांब्याभर पाणी जर्सीवर मारलं आणि दोरीवर टाकली. यात फसवणूक नाही. घाम आला असता, तेवढंच पाणी.

२१ एप्रिल, गुरुवार

एक तांब्या पुरत नाही. ऊन त्रेचाळीस. आठला ओले केलेले कपडे सुंदररावांच्या दहाच्या फेरीपर्यंत कडक होतात. म्हणून पावणेदहाला पुन्हा. गादीला वेगळा तांब्या लागतो, ती फार पिते.

आज सुंदररावांनी पत्रकार म्हणून कुणाला तरी आणलं होतं. त्यानं दोरीचा फोटो काढला. माझाही काढला, पण दोरीचे जास्त.

२३ एप्रिल, शनिवार. दुपारी १२

चंद्रभागाबाईची कुरकुर. झाडलोट आणि पाणी तिच्याकडे. टँकरच्या रांगेत उभी राहून ऑफिसच्या वाट्याच्या दोन घागरी आणते, त्या माठात. म्हणे माठ दुपारीच तळाला जातो, तिघांचं पिणं एवढं नसतं. सटवानं काल घरून बाटली आणली.

प्रशासक म्हणून पाऊल उचलणं भाग होतं. भिंतीवर सूचना लावली: "दुष्काळी परिस्थिती लक्षात घेता सर्व कर्मचाऱ्यांनी माठातील पाणी जपून प्यावे. केंद्रप्रमुख." सर्व कर्मचारी म्हणजे ती आणि सटवा. चंद्रभागाबाईला वाचता येत नाही म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिस्त लगेच पटत नाही कुणाला.

२५ एप्रिल, सोमवार

सायकलिंगचा प्रचार होऊ लागला. सारजाबाई नावाची बाई रोज सकाळी दोन लिटर दूध घालते. म्हैस एकच राहिली आहे, घरात सात माणसं. आज दूध घालून झाल्यावर ती सरळ दोरीपाशी गेली, चड्डी हातात घेतली आणि पिळली. खाली थेंब पडले. मातीनं लगेच पिऊन टाकले.

मी जाऊन तिला व्यायामाचं महत्त्व समजावलं. नाडीचे ठोके वगैरे. ऐकत होती, पण नजर बोअरच्या झाकणावर. शेवटी म्हणाली, लई वलं हाय. म्हणालो, मेहनत आहे बाई. ती गेली.

बायकांपर्यंत पोचलं म्हणजे घरोघर पोचलं.

२७ एप्रिल, बुधवार. सायं. ४

गर्दी वाढते आहे. सकाळपासून पंधरा-वीस माणसं अंगणात येऊन गेली. कुणी दोरी बघतं, कुणी पाइपाला हात लावतं. एक म्हातारा बोअरच्या झाकणाला कान लावून बराच वेळ बसला होता. त्याचा सायकलशी काय संबंध ते कळलं नाही. उगाच लहान पोरं झाकणाशी खेळू नयेत म्हणून नवीन कुलूप आणून लावलं. पितळी, चांगलं भक्कम.

आभाराचं भाषण अर्धं झालं. सुरुवात अशी: मी काही विशेष केलेलं नाही.

२८ एप्रिल, गुरुवार. दुपारी २

सकाळी फाटकाशी तीसेक बायका. प्रत्येकीच्या कमरेवर घागर. मला वाटलं ओवाळायला आल्या. केस विंचरून, भाषणाचा कागद खिशात घालून बाहेर गेलो. मी काही विशेष केलेलं नाही, एवढं म्हणून झालं होतं.

सारजाबाई पुढे आली. "साहेब, कुलूप काढा."

तेव्हा उलगडा झाला. गावात एक महिना झाला, कुणी धुणं धुतलेलं नाही. लुगडी झटकून घालतात. अख्ख्या रुईदऱ्यात ओलं कापड कुठं दिसत असेल तर ते आमच्या दोरीवर, तेही रोज, तेही बोअरला बांधलेल्या दोरीवर. गावानं हिशोब केला की डेअरीच्या बोअरला पाणी लागलंय आणि मॅनेजर कुलूप लावून एकटा वापरतोय. मला या माणसांचं हसू आलं, खरं सांगायचं तर. मी सत्काराच्या विचारात होतो म्हणून हे आधी लक्षात आलं नाही.

कुलूप काढलं. एकीनं दगड टाकला. खडखड करत गेला आणि खाली कोरडाच आपटला. काही बायका परत फिरल्या. सारजाबाई हलली नाही.

"मंग कापडं कशानं वली हायत?"

घामानं, असं मी म्हणालो. सगळ्यांसमोर, मान वर करून. चंद्रभागाबाई दारात झाडू घेऊन उभी होती. काही बोलली नाही. तिच्याबद्दल माझं मत सुधारलं.

सायं. ५

सुंदररावांचा फोन. कुणीतरी तहसीलला कळवलंय की डेअरीत पाणी आहे. नियम असा की गावात पाण्याचा उद्भव सापडला तर दुसरी खेप मंजूर होत नाही. साहेब एक तारखेला सत्काराला येतीलच, पण आधी दोरी बघतील. सुंदररावांनी पुन्हा पुन्हा विचारलं, घामच आहे ना. मी म्हणालो, शंभर टक्के. मग म्हणाले, त्या दिवशी सायकलवर या, साहेबांसमोर जर्सी पिळू, विषयच संपला.

काळजीचं कारण नाही. साडेचौदा किलोमीटर मी पूर्वी केलेलं आहे. पहिल्या आठवड्यात.

३० एप्रिल, शनिवार

ताकद साठवतोय. दिवसभर पडून. सौ.नं विचारलं, उद्या खरंच सायकलवर का. असा प्रश्न पडावा म्हणजे हद्द झाली. रात्री जेवण हलकं ठेवणार होतो, पण पुरणपोळी होती.

१ मे, रविवार. महाराष्ट्र दिन. पहाटे ५

निघतो. इतिहास घडायचा तो असाच साध्या दिवशी.

त्याच दिवशी, सायं. ५

सगळं जसं झालं तसं लिहितो. कुणी वाचणार नाही.

चौथ्या किलोमीटरला पुरणपोळी आडवी आली. उतरून बसलो. मागून टेम्पो आला, शहादेवनं काही न विचारता सायकल मागे टाकली. वाटेत मी दोन वेळा म्हणालो की पुढे उतरतो. तो बाभळीच्या वळणावर थांबला, रोजच्यासारखा. तिथं शुक्रवारी माठातून भरून आणलेलं बाटलीतलं पाणी जर्सीवर ओतलं. सगळं ओतलं, कारण आज पिळायचं होतं. शेवटचा किलोमीटर मात्र जीव तोडून मारला, हे नमूद करतो.

अख्खं गाव अंगणात. टाळ्या वाजल्या. नायब तहसीलदार तिशीतले, शांत. सुंदररावांनी जर्सी घेतली आणि स्टीलच्या पातेल्यात पिळली. चांगलं पाऊण तांब्या पाणी पडलं. साहेबांनी पातेलं तिरकं करून बघितलं. स्वच्छ. त्यांनी विचारलं, घाम ओळखू येईल असं कुणी आहे का. आणि सगळ्यांनी सटवाकडे बघितलं.

सटवाला मी अकरा वर्षं ओळखतो. त्यानं आजवर चेअरमनचंही दूध परत केलेलं आहे. तो वाकला, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"घाम न्हाई साहेब. गोडं पाणी हाय."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. म्हणाले, म्हणजे उद्भव आहे, आणि पिण्यायोग्य आहे. सुंदरराव माझ्याकडे बघत होते. शहादेव टेम्पोचं टायर बघत होता. चंद्रभागाबाई सगळं जाणून होती, तिनं पदर तोंडाला लावला. एकानं जरी सांगितलं असतं तरी मला सांगावं लागलं नसतं. सगळे थांबले होते, माझ्यासाठी.

बायका रांगेनं बसल्या होत्या, रिकाम्या घागरी पुढ्यात. साहेबांनी कागदावर तारीख घातली.

मनात एक वाक्य तयार होतं. रस्त्यात शिंतोडे उडाले. ते बोलणारच होतो, पण मे महिना, कसले शिंतोडे. मी म्हणालो, "साहेब, ते माठातलं पाणी आहे. मी टेम्पोतून येतो."

त्यांनी दोन प्रश्न विचारले. कधीपासून. एकोणीस तारखेपासून. रोज किती. मी म्हणालो तांब्याभर. चंद्रभागाबाई पहिल्यांदा बोलली. "चार."

मग बोअर पुन्हा तपासला, दोरी टाकून. कोरडा. पंचनामा करायचा ठरला. तलाठ्याचा हात दुखत होता, माझं अक्षर बरं, म्हणून मलाच लिहायला बसवलं. सदर केंद्रप्रमुख हे सायकलवर येत नसून टेम्पोने येतात, सदर कपडे घामाने नव्हे तर माठातील पिण्याच्या पाण्याने ओले करण्यात आले, केंद्रात पाण्याचा कोणताही उद्भव नाही. खाली माझी सही, सटवाची सही, चंद्रभागाबाईचा अंगठा. ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचला गेला. दुसरी खेप मंजूर झाली. त्या वेळी टाळ्या वाजल्या, सकाळपेक्षा कितीतरी जास्त. आणलेली शाल टँकरच्या ड्रायव्हरला घातली. सुती होती.

लोक पांगल्यावर सारजाबाई माझ्यापाशी आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार तांबे म्हंजी माज्या घरचा सकाळचा सैपाक होतो, साहेब," म्हणाली. "कावून केलं असं?"

लाज वाटली. ही रोजनिशी सुरू केल्यापासून हा शब्द पहिल्यांदा लिहितोय.

३ मे, मंगळवार. सायं. ६

दुपारी चारला दुसरी खेप आली. चंद्रभागाबाईनं ऑफिसची घागर आणून माझ्या टेबलावर ठेवली, वर्तमानपत्रावर. म्हणाली, आता तुमी जावा.

गेलो. रांग पाऊण तास. पुरुष मी एकटाच, बाकी बायका. त्यांनी मला पुढे सोडलं नाही आणि मागेही ढकललं नाही. टँकरपासून ऑफिस दोनशे पावलं असेल. घागर तीन वेळा खाली ठेवली. सारजाबाई डोक्यावर दोन घेऊन शेजारून निघून गेली. पोचेपर्यंत निम्मी सांडली होती.

घाम मात्र आला. खरा, डोळ्यांत उतरणारा, शर्ट पाठीला चिकटवणारा. सटवाला दाखवावा म्हणून आत गेलो. त्यानं वासही घेतला असता तर चाललं असतं. तो दुधाचं माप टिपत होता, त्यानं वर बघितलं नाही. थोडा वेळ दारात उभा राहिलो. शर्ट अंगावरच वाळला.